कुठेतरी पाणी मुरतंय : एकोणिसाव्या शतकातली अमेरिका आणि तिच्या कारस्थानकथा

१८३६ च्या शरदात विल्यम स्टोन हा न्यूयॉर्कचा संपादक हातात एक पुस्तक घेऊन कॅनडातल्या माँट्रियल शहरात गेला आणि तिथल्या ओतेल द्यू या ननांच्या मठात शिरला. पुस्तक त्याच वर्षी जानेवारीत निघालं होतं आणि अमेरिकेत त्यानं खळबळ माजवली होती. मारिया मंक नावाच्या तरुणीच्या नावावर ते होतं. ती म्हणत होती, मी या मठात नन होते. रात्री भुयारातून पाद्री येतात. मठात जन्मलेल्या अर्भकांना बाप्तिस्मा देतात आणि लगेच गुदमरवून मारतात. तळघरात चुन्याचा खड्डा आहे, त्यात ती टाकतात. स्टोननं पुस्तक उघडून वर्णन आणि वास्तू ताडून पाहायला सुरुवात केली. जोत्यापासून माळ्यापर्यंत तो फिरला. काही केल्या मेळ बसेना. परत येऊन त्यानं निःसंदिग्ध शब्दांत छापलं की या बाईनं हा मठ आतून पाहिलेलाच नाही.

स्टोन काही कॅथलिकांचा कैवारी नव्हता. तो प्रॉटेस्टंट होता, आणि त्याच्या वाचकांना त्याच्याकडून उलटा निकाल हवा होता. पण या माणसाची खरी ओळख त्याआधीच्या पुस्तकातून होते. १८३२ मध्ये त्यानं दुसऱ्या एका कारस्थानाबद्दल जाडजूड ग्रंथ लिहिला होता. तिथं त्याचा निष्कर्ष असा होता की हे कारस्थान खरं आहे, माणूस मारला गेला आहे, आणि ज्यांनी मारलं ते ‘फ्रीमेसन’ या गुप्त बंधुमंडळाचे सभासद आहेत. स्टोन स्वतः फ्रीमेसन होता.

या प्रस्तावनेत मला जे सांगायचं आहे ते या एका माणसाच्या दोन निकालांत आहे. एकाच दशकात, एकाच वाचकवर्गापुढे दोन गोष्टी आल्या. दोन्हींत बंद दार, शपथ घेतलेली माणसं, तळघर, नाहीसं झालेलं प्रेत आणि गप्प बसलेले अधिकारी. एक खरी निघाली, एक धादांत खोटी. गोष्टीच्या घडणीवरून त्यांतली कुठली खरी हे ओळखता येत नव्हतं. जाऊन पाहावंच लागत होतं. स्टोनसारखे जाऊन पाहणारे फार थोडे निघाले. मग त्या शतकातल्या चांगल्या लेखकांनी काय केलं? त्यांनी या घडणीचाच अभ्यास केला. माणूस संशय का घेतो, कुणावर घेतो, आणि नेमका कुणावर घेत नाही, हे त्यांनी कथा-कादंबऱ्यांतून इतकं बारकाईनं दाखवलं की पुढच्या शतकातल्या इतिहासकारांना त्यांच्यामागून चालावं लागलं.

इतिहासकारांचं सांगायचं तर रिचर्ड हॉफस्टाटरचा १९६४ सालचा ‘हार्पर्स’ मासिकातला निबंध सगळ्यांच्या तोंडी असतो. अमेरिकन राजकारणात संशयग्रस्तांची एक खास शैली आहे, असं त्यानं मांडलं. निबंध प्रभावी आहे, पण त्यातून असा ग्रह होतो की कारस्थानाच्या गोष्टी रचणारे लोक काठावरचे, थोडे विक्षिप्त असतात. मला गॉर्डन वुडची १९८२ सालची मांडणी अधिक पटते. अठराव्या शतकातल्या सुशिक्षित माणसाला जगात जे घडतं ते कुणाच्या तरी हेतूनंच घडतं असं वाटे. देवाची इच्छा बाजूला सारली, तर उरतो माणसाचा हेतू. बाजारभाव, लोकसंख्या, वर्ग अशा बिनचेहऱ्याच्या शक्तींचा विचार अजून रुळायचा होता. तेव्हा वाईट घडलं की वाईट हेतू शोधायचा, ही त्या काळची शहाण्यांची रीत होती. १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढून पाहा. इंग्लंडच्या राजाच्या एकेका कृत्याची यादी देऊन तो म्हणतो की ही सुटी कृत्यं नाहीत, यामागे आम्हाला निरंकुश सत्तेखाली आणण्याचा एकच बेत आहे. म्हणजे कारस्थानाचा आरोप या प्रजासत्ताकाच्या जन्मपत्रिकेतच आहे.

त्यात आणखी एक भर पडली. राजेशाहीत दरबार बंद असतो हे सगळे गृहीत धरतात. प्रजासत्ताकात सगळं उघड्यावर चालावं अशी अपेक्षा, म्हणून प्रत्येक बंद दार डोळ्यांत खुपतं.

१७९८ च्या ९ मे रोजी जेडिडाया मोर्स या पाद्र्यानं बॉस्टनमध्ये प्रवचन केलं. हा भूगोलाची पाठ्यपुस्तकं लिहिणारा नावाजलेला माणूस, आणि बॉस्टनच्या शेजारच्या चार्ल्सटाउन गावच्या चर्चचा प्रमुख. जर्मनीतल्या बव्हेरियात ‘इल्युमिनाटी’ नावाचं एक गुप्त मंडळ १७७६ मध्ये निघालं होतं आणि १७८० च्या दशकातच तिथल्या सरकारनं ते मोडूनही काढलं होतं. एडिंबरोच्या जॉन रॉबिसननं १७९७ मध्ये पुस्तक लिहून सांगितलं की हे मंडळ जिवंत आहे आणि फ्रेंच राज्यक्रांती त्यानंच घडवली. मोर्सनं ते वाचलं आणि तेच लोक अमेरिकेत शिरल्याचं व्यासपीठावरून जाहीर केलं. ४ जुलैला येल कॉलेजचा अध्यक्ष टिमथी ड्वाइट यानं त्याला दुजोरा दिला. पुराव्याची मागणी झाली तेव्हा मोर्सच्या हाती ठोस असं काही नव्हतं, आणि हे वादळ वर्ष-दोन वर्षांत विरलं. पण त्याच वर्षी परकीयांवर आणि सरकारविरोधी लेखनावर अंकुश ठेवणारे कायदे अमेरिकेच्या काँग्रेसनं केले होते. साप साप म्हणून भुई धोपटली गेली, आणि मार बसला तो पत्रकारांना.

त्याच १७९८ मध्ये फिलाडेल्फियाच्या चार्ल्स ब्रॉकडेन ब्राउननं ‘वीलँड’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. एका सधन, धर्मनिष्ठ कुटुंबात आवाज ऐकू येऊ लागतात. कार्विन नावाचा एक परका माणूस घराभोवती घुटमळतो आहे. तो दुसऱ्याच्या आवाजात, लांबून बोलल्यासारखं बोलू शकतो. एक दिवस घरच्या कर्त्या पुरुषाला देवाची आज्ञा ऐकू येते आणि तो आपल्या बायकोचा व मुलांचा बळी देतो. वाचकाला वाटतं, सापडला गुन्हेगार, हा परका! पण ब्राउन तिथं सुटका करत नाही. काही आवाज आपण काढले हे कार्विन कबूल करतो, ती शेवटची आज्ञा मात्र आपली नव्हे म्हणतो. बाहेरून आलेला माणूस घरात घुसून नासधूस करतो, ही मोर्सची कथा. घरातच काहीतरी आधीपासून पेटलेलं होतं, बाहेरच्यानं फुंकर घातली, ही ब्राउनची. अमेरिकन कादंबरी जेमतेम रांगत होती तेव्हाच तिनं हा प्रश्न हाती घेतला, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आता मॉर्गन प्रकरण. हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण ते समजल्याशिवाय पुढची पन्नास वर्षं उलगडत नाहीत.

न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला बटाव्हिया नावाचं गाव आहे. तिथं विल्यम मॉर्गन नावाचा एक गवंडी राहत होता. फ्रीमेसनांशी त्याचं बिनसलं आणि त्यांच्या गुप्त शपथा, खुणा, विधी छापून टाकायचं त्यानं ठरवलं. डेव्हिड मिलर या स्थानिक मुद्रकानं पुस्तक छापायला घेतलं. १८२६ च्या सप्टेंबरात मिलरच्या छापखान्याला आग लावण्याचा प्रयत्न झाला. लगेच मॉर्गनला एका क्षुल्लक चोरीच्या आरोपावरून पकडून कॅनन्डेग्वा गावी नेलं. तो आरोप टिकला नाही, तेव्हा तीन डॉलरहूनही कमी अशा कर्जापायी त्याला पुन्हा तुरुंगात टाकलं. १२ सप्टेंबरच्या रात्री कुणीतरी येऊन ते कर्ज फेडलं. मॉर्गन बाहेर आला, दाराशी घोडागाडी उभी होती, झटापट झाली, त्याची ओरड लोकांनी ऐकली, गाडी निघून गेली. शंभर मैलांहून अधिक वाटेवर ठिकठिकाणी घोडे बदलायची सोय तयार होती. नायगारा किल्ल्याच्या दारूगोळ्याच्या कोठारात त्याला काही दिवस ठेवलं. त्यानंतर विल्यम मॉर्गन कुणालाही दिसला नाही.

इथपर्यंतचं जवळजवळ सगळं साक्षीपुराव्यानिशी सिद्ध झालेलं आहे. पुढं जे झालं त्यानं लोकांचा विश्वास उडाला. ज्यूरी निवडणारे शेरीफ फ्रीमेसन निघाले. साक्षीदार गायब झाले किंवा तोंड उघडेनात. अपहरणाबद्दल शिक्षा झाल्या त्या महिन्या-दोन महिन्यांपासून दोनेक वर्षांपर्यंतच्या. खुनाबद्दल कुणालाच झाली नाही. खुद्द राज्यपाल डी विट क्लिंटन फ्रीमेसन. त्यानं मॉर्गनचा पत्ता देणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं, पण लोकांनी त्याचाही वेगळाच अर्थ लावला. आणि तो का लावू नये? ज्या लोकांनी अपहरण केलं त्यांच्याच शपथबंधूंच्या हाती तपास होता. १८२७ च्या ऑक्टोबरात ऑन्टॅरिओ सरोवराच्या काठी एक प्रेत सापडलं. ते मॉर्गनचं ठरवून थाटात पुरलं, पुढं ते दुसऱ्याच एका बुडालेल्या माणसाचं निघालं. निवडणुका तोंडावर होत्या. प्रेत कुणाचं हा प्रश्न राजकीय होऊन बसला.

या रागातून अमेरिकेतला पहिला ‘तिसरा पक्ष’ जन्मला, फ्रीमेसनविरोधी पक्ष. अध्यक्षपदाचा उमेदवार राष्ट्रीय अधिवेशन भरवून निवडायची प्रथा आज अमेरिकन लोकशाहीचा सोहळा समजली जाते; ती या पक्षानं १८३१ मध्ये बाल्टिमोरला पाडली. १८३२ च्या निवडणुकीत त्यांना फक्त व्हर्माँट राज्य मिळालं, पण थर्लो वीड, विल्यम सीवर्ड, थॅडियस स्टीव्हन्स ही पुढं गुलामगिरीविरुद्ध उभी राहिलेली मंडळी याच चळवळीत राजकारण शिकली. न्यूयॉर्क राज्यातल्या मेसनांच्या साडेचारशेहून अधिक शाखांपैकी दहा वर्षांत शंभरही उरल्या नाहीत. १७९३ मध्ये खुद्द जॉर्ज वॉशिंग्टननं मेसनांच्या विधीनं संसद-भवनाची कोनशिला बसवली होती. त्याच संघटनेच्या सभासदांची एका पिढीत ही अवस्था झाली.

चळवळ न्याय्य रागातून निघाली हे मला आवर्जून नोंदवायचं आहे. ‘कॉन्स्पिरसी थिअरी’ हा शब्द आपण आता हिणवण्यासाठी वापरतो आणि त्या नादात मॉर्गनसारख्यांचा जीव विसरतो. पण राग न्याय्य असला तरी तो थांबायचं कुठं हे त्याला कळत नाही. काही माणसांनी एका माणसाला मारलं, इथून सुरुवात झाली. दोन वर्षांत तो प्रवास ‘प्रत्येक मेसन खुनी’ आणि ‘प्रजासत्ताकच त्यांच्या मुठीत’ इथवर गेला.

वीस वर्षांनी, १८४६ मध्ये, एडगर अॅलन पोनं ‘द कास्क ऑफ अमाँटिलाडो’ ही छोटी कथा लिहिली. मद्याच्या तळघरात दोघे जण उतरत असतात. त्यांतला फॉर्चुनाटो एक गूढ हातवारा करतो. माँट्रेसरला तो कळत नाही. तू बंधुमंडळातला नाहीस वाटतं, अशी विचारणा होते. माँट्रेसर म्हणतो, आहे की, आणि अंगरख्याखालून गवंड्याची थापी काढून दाखवतो. मेसनांची चिन्हं म्हणजे गवंड्याची हत्यारं, त्यामुळे फॉर्चुनाटोला तो विनोद वाटतो. थोड्याच वेळात त्याच थापीनं त्याला भिंतीत चिणलं जातं. नाहीसा झालेला गवंडी, तळघर, न सापडलेलं प्रेत हे सगळं ज्यांच्या आठवणीत होतं त्या वाचकांना ती थापी कशी टोचली असेल!

मोर्स घराण्याकडे परत येऊ. जेडिडायाचा मुलगा सॅम्युअल, तारायंत्राचा जनक, मूळचा चित्रकार. बापानं इल्युमिनाटी शोधले, मुलाला कॅथलिक जेझुइट पाद्री दिसले. १८३४ मध्ये त्यानं वर्तमानपत्रात टोपणनावानं पत्रं लिहिली आणि १८३५ मध्ये त्यांचं पुस्तक केलं : ऑस्ट्रियाचा सम्राट आणि पोप मिळून कॅथलिक स्थलांतरितांच्या वाटे अमेरिका गिळंकृत करू पाहताहेत. कारस्थानाचा कारखाना म्हणून त्यानं व्हिएन्नातल्या लिओपोल्डाइन संस्थेकडे बोट दाखवलं. ही संस्था अमेरिकेतल्या कॅथलिक मिशनांसाठी वर्गणी गोळा करत होती आणि ती उघडपणे करत होती. मोर्सला ते उघडपणच संशयास्पद वाटलं. १८३६ मध्ये तो न्यूयॉर्कच्या महापौरपदाला उभा राहिला आणि त्याला जेमतेम दीड हजार मतं पडली. पण ती पत्रं ज्या हवेत लिहिली गेली तिचा हिशेब मतांत होत नाही.

बापाच्या त्या चार्ल्सटाउन गावात टेकडीवर उर्सुलाइन ननांचा मठ आणि मुलींची शाळा होती. शाळेत बहुतेक मुली सुखवस्तू प्रॉटेस्टंट घरांतल्या. १८३४ च्या जुलैअखेर एक नन मनःस्वास्थ्य बिघडून बाहेर पडली आणि लगेच परतही आली. गावात बोलवा उठली की तिला तळघरात कोंडलंय. १० ऑगस्टला लायमन बीचर या धर्मोपदेशकानं बॉस्टनमध्ये पोपशाहीविरुद्ध घणाघाती प्रवचनं दिली. ११ ऑगस्टला गावच्या पंचांनी मठात जाऊन सगळ्या खोल्या, तळघरं पाहिली, त्या ननशी बोलले, आणि काही गैर नसल्याचं निवेदन तयार केलं. ते दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत यायचं होतं. त्या रात्री जमावानं मठ पेटवला. नना आणि मुली मागच्या बाजूनं पळाल्या. सकाळी लोकांनी निवेदन वाचलं तेव्हा टेकडीवर भिंती तेवढ्या उभ्या होत्या. खटल्यात जवळपास सगळे आरोपी सुटले.

मारिया मंकचं पुस्तक या राखेवर उगवलं. हार्पर बंधू या प्रकाशकांनी ते आणलं, पण आपलं नाव लागू नये म्हणून एक दिखाऊ प्रकाशनसंस्था उभी केली. पुढं नफ्याच्या वाटणीवरून कोर्टकज्जे झाले तेव्हा त्या बिचारीभोवतीच्या धर्मोपदेशकांचा त्यात किती हात होता ते बाहेर आलं. पैसे तिला फारसे मिळाले नाहीत. १८४९ मध्ये ती न्यूयॉर्कच्या बंदिवासात मेली. पुस्तक मात्र खपतच राहिलं. यादवी युद्धापर्यंत तीन लाख प्रती गेल्याचं सांगतात. स्टोनचा अहवाल वाचून किती जणांनी आपलं मत बदललं असेल? बदलण्यासारखं मत नव्हतंच ते; तो एक चटका लावणारा, चोरून वाचायचा आनंद होता.

१८५० च्या दशकात या कॅथलिकद्वेषातून ‘नो-नथिंग’ पक्ष उभा राहिला, आणि तो उभा राहिला तोच गुप्त मंडळ म्हणून. शपथ, खुणा, परवलीचे शब्द, आणि कुणी विचारलं तर ‘मला काही माहीत नाही’ असं उत्तर. गुप्त कारस्थानाशी लढायला गुप्त कारस्थान! १८५४ मध्ये मॅसॅच्युसेट्सचं विधिमंडळ जवळजवळ पूर्णपणे त्यांच्या ताब्यात गेलं. त्याच वर्षी वॉशिंग्टन स्मारकासाठी पोपनं पाठवलेला संगमरवरी दगड रात्रीत चोरीला गेला. पोटोमॅक नदीत बुडवला असं म्हणतात. गुप्ततेशी गुप्ततेनंच लढण्याच्या या वृत्तीचं प्रतिबिंब वाङ्मयातही दिसतं. जॉर्ज लिपर्डची ‘द क्वेकर सिटी’ ही १८४४-४५ ची कादंबरी फिलाडेल्फियातल्या एका वाड्याभोवती फिरते. शहरातले प्रतिष्ठित व्यापारी, वकील, पाद्री दिवसा सभ्यपणे वावरतात आणि रात्री त्या वाड्याच्या चोरदारांतून, तळघरांतून नको ते करतात. ‘अंकल टॉम्स केबिन’ येईपर्यंत अमेरिकेत इतकी खपलेली कादंबरी नव्हती. लिपर्डनं ती ब्रॉकडेन ब्राउनच्या स्मृतीस अर्पण केली होती. तो गरिबांच्या बाजूनं पोटतिडकीनं लिहिणारा माणूस होता, आणि श्रीमंतांच्या गुप्त मंडळावर उपाय म्हणून त्यानं स्वतः कामगारांचं एक गुप्त बंधुमंडळ काढलं, विधी आणि पोशाखासह. एकतिसाव्या वर्षी तो गेला.

गुलामगिरीच्या प्रश्नात ही सगळी सूत्रं एकत्र येतात आणि जिवावर उठतात. १८२२ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनला डेन्मार्क व्हीसी या मुक्त कृष्णवर्णीय सुताराला आणि इतर ३४ जणांना फाशी दिलं. आरोप, बंडाचा कट. न्यायालय बंद दाराआड चाललं, साक्षी मरणाच्या धाकानं काढलेल्या. मायकेल जॉन्सन या इतिहासकारानं २००१ मध्ये असं मांडलं की खरा कट त्या न्यायालयाचाच होता. इतर अभ्यासकांना बंडाची तयारी खरी वाटते, आणि ती खरी असेल तर तिचा मान व्हीसीला द्यावा असं ते म्हणतात. वाद मिटलेला नाही. १८३५ मध्ये त्याच शहरात गुलामगिरीविरोधी पत्रकांच्या टपालथैल्या जमावानं पोस्टातून काढून जाळल्या. मालकांना प्रत्येक उत्तरेकडच्या माणसात कटवाला दिसू लागला.

उत्तरेतही उलट बाजूनं तेच घडत होतं : मूठभर गुलाममालकांनी अध्यक्ष, न्यायालय, काँग्रेस सगळं खिशात घातलंय. १६ जून १८५८ ला स्प्रिंगफील्डच्या भाषणात अब्राहम लिंकननं हा आरोप सुतारकामाच्या दृष्टान्तातून मांडला. वेगवेगळ्या ठिकाणी चार कारागिरांनी तासलेली लाकडं जर नेमकी एकमेकांत बसत असतील, तर त्यांच्यापुढे आधीपासून एकच आराखडा असणार. ते चार म्हणजे सिनेटर डग्लस, माजी अध्यक्ष पिअर्स, सरन्यायाधीश टॉनी आणि अध्यक्ष ब्युकॅनन. चौघांनी बसून कट केल्याचा पुरावा कधीच मिळाला नाही. पण ड्रेड स्कॉट या गुलामाच्या मुक्ततेच्या खटल्याचा निकाल यायच्या आधी ब्युकॅनननं न्यायमूर्तींशी पत्रव्यवहार केला होता आणि त्यांतल्या एकाला बहुमताच्या बाजूला वळवायला हातभार लावला होता, हे नंतर कागदपत्रांतून सिद्ध झालं. म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय हा लिंकनचा संशय बरोबर होता. नळ कुठून कुठं गेलाय याचा त्याचा नकाशा अर्धा कल्पित होता. हे वाचताना आपल्याला महात्मा फुल्यांची आठवण होणं स्वाभाविक आहे. १८७३ ची ‘गुलामगिरी’ त्यांनी अर्पण केली ती याच लढ्यात गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. ज्या लोकांचा गौरव त्यांनी केला, त्यांच्या भाषेत न्यायाची तळमळ आणि कटाचा संशय इतके एकजीव झाले होते की ते वेगळे काढणं सोपं नाही.

आता ‘बेनितो सेरेनो’. हर्मन मेल्व्हिलची ही दीर्घकथा १८५५ च्या ऑक्टोबर ते डिसेंबरात ‘पटनम्स’ मासिकात आली. माझ्या मते या विषयावर त्या शतकात याहून खोल काही लिहिलं गेलं नाही.

चिलीच्या किनाऱ्याजवळ एका निर्जन बेटाच्या बंदरात मॅसॅच्युसेट्सचा कॅप्टन अमासा डेलानो नांगर टाकून आहे. एक जीर्ण स्पॅनिश जहाज भरकटत येतं. डेलानो मदतीला जातो. जहाजावर गुलाम मोकळे फिरताहेत, गोरे खलाशी थोडे. कॅप्टन बेनितो सेरेनो आजारी, तुटक, विचित्र. त्याचा हात धरून सतत बाबो नावाचा कृष्णवर्णीय सेवक. वादळ आणि तापानं माणसं गेली असं सांगतात. डेलानोला काहीतरी खटकत राहतं. एक म्हातारा खलाशी गुंतागुंतीची गाठ वळता वळता त्याच्या हातात फेकतो आणि पुटपुटतो, लवकर सोडव. डेलानो ती हातात घेऊन नुसता उभा राहतो. सहा जण कुऱ्हाडी घासत बसलेत, हे त्याला दिसतं आणि दिसत नाही.

मग दाढीचा प्रसंग येतो. बाबो मालकाला खुर्चीत बसवतो, त्याच्या गळ्याशी कापड बांधतो. ते कापड स्पेनचा झेंडा असतं. डेलानोला त्यात काळ्या माणसाची रंगांची हौस दिसते आणि तो खुशीत हसतो. वस्तरा परजला जातो. सेरेनो थरथरतो. डेलानो बोलत बसतो, प्रवासाच्या हकिगतीतली विसंगती विचारतो, आणि त्याच क्षणी वस्तऱ्याखाली रक्ताचा थेंब येतो. डेलानोच्या मनात संशय नाही असं नाही. उलट, दिवसभर त्याचा संशय उसळत असतो : हा स्पॅनियार्ड चाचा तर नाही? माझं जहाज लुटायचा तर बेत नाही? कट आहे याबद्दल त्याला जवळजवळ खात्री आहे. फक्त तो कट काळ्या माणसांनी रचलेला असू शकेल, हे त्याच्या डोक्यात येत नाही. एवढी बुद्धी त्यांना कुठली, असं त्याला मनापासून वाटतं, आणि त्या वाटण्याला तो आपला चांगुलपणा समजतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

खरं असं की गुलामांनी बंड करून जहाज ताब्यात घेतलेलं आहे. बाबो हा त्यांचा नेता. सेवकाचं सोंग तो दिवसभर वठवतो आहे. निघता निघता सेरेनो डेलानोच्या होडीत उडी टाकतो, तेव्हाही डेलानोला पहिल्यांदा वाटतं की हा मला मारायला आला. नंतर मेल्व्हिल न्यायालयातली जबानी जोडतो, रुक्ष, कलमवार, गोऱ्यांच्या बाजूची. पकडला गेल्यावर बाबो अखेरपर्यंत एक शब्द बोलत नाही. मूळ घटना खरी आहे, १८०५ सालची. अमासा डेलानो हा खराखुरा कॅप्टन, त्यानं १८१७ मध्ये आपल्या प्रवासवर्णनात ती लिहिली. मेल्व्हिलनं जहाजाचं नाव बदललं आणि साल मागं ओढून १७९९ केलं, हैतीतलं गुलामांचं बंड पेटलेलं होतं त्या काळात. पहिल्या दोन हप्त्यांत ‘पटनम्स’चा वाचक डेलानोबरोबरच चुकत गेला असणार. माझ्या अनुभवानं आजचा वाचकही चुकतो, म्हणून कथा दुसऱ्यांदा वाचावी ही विनंती. दुसऱ्या वाचनात प्रत्येक वाक्य उलटं फिरतं.

‘पटनम्स’च्या अगदी पुढच्या, जानेवारी १८५६ च्या अंकात डेलिया बेकन या विदुषीचा लेख आला. शेक्सपिअरची नाटकं शेक्सपिअरची नव्हेतच. फ्रान्सिस बेकन, वॉल्टर रॅले वगैरे मंडळींनी राजसत्तेविरुद्धचं तत्त्वज्ञान त्यांत दडवलं आहे, असा तिचा सिद्धान्त. पुढल्या वर्षी तिचा ग्रंथ निघाला तो नथॅनिएल हॉथॉर्नच्या प्रस्तावनेसह आणि त्याच्याच पैशानं. हॉथॉर्न तेव्हा लिव्हरपूलला अमेरिकेचा वाणिज्यदूत होता. त्याला सिद्धान्त पटलेला नव्हता, पुस्तक त्यानं सलग वाचलंही नव्हतं. तसं त्यानं १८६३ च्या ‘अवर ओल्ड होम’मध्ये लिहून ठेवलं आहे. पण ‘यंग गुडमन ब्राउन’ ही कथा लिहिणाऱ्या या माणसाला त्या बाईची तहान कळली होती. गावातले सगळे सज्जन रात्री जंगलात सैतानाच्या सभेला जातात असं पाहणारा, किंवा पाहिलं असं वाटणारा तो ब्राउन, ज्याला मग आयुष्यभर कुणावरच विश्वास ठेवता येत नाही. डेलिया मनोरुग्णालयात गेली आणि १८५९ मध्ये वारली. तिच्यावर हॉथॉर्ननं लिहिलेला लेख हा मला त्याच्या सगळ्यात माणुसकीच्या लेखनांपैकी वाटतो.

यादवी युद्धानंतरच्या काळाबद्दल मी थोडक्यातच सांगतो, कारण तिथं कथेपेक्षा पत्रकं जास्त आहेत. लिंकनच्या खुनामागं खरा कट होता, चौघांना ७ जुलै १८६५ ला फाशी झाली. पण पुढं जेझुइटांपर्यंत सगळ्यांचा त्यात हात शोधला गेला. १८७३ च्या नाणेकायद्यानं चांदीची टाकसाळ बंद झाली, तेव्हा कर्जबाजारी शेतकऱ्यांना तो सावकारांचा गुन्हा वाटला. इग्नेशियस डॉनेलीनं १८८८ मध्ये शेक्सपिअरच्या ओळींतून बेकनची सांकेतिक लिपी काढली आणि १८९० च्या ‘सीझर्स कॉलम’ कादंबरीत धनदांडग्यांचं गुप्त मंडळ आणि त्याविरुद्धचं गरिबांचं गुप्त मंडळ एकमेकांवर सोडून शहर जाळलं. शेतकऱ्यांची हलाखी खरी होती. तिचा गुन्हेगार एका खोलीत बसलेला सापडेल ही आशा खोटी होती.

मार्क ट्वेननं शतकाच्या अखेरीस टॉम सॉयरची आणखी एक गोष्ट लिहायला घेतली, ‘टॉम सॉयर्स कॉन्स्पिरसी’. सुट्टीत करमत नाही म्हणून टॉम गावात गुलामगिरीविरोधकांचा खोटा कट उभा करायचं ठरवतो. हक आणि जिम सामील होतात. गुप्त पत्रकं लागतात, गाव घाबरतं, मोठी माणसं गस्त घालू लागतात आणि टॉमला हवी तशी धमाल येते. मग गुलामांचा एक व्यापारी खराच मारला जातो. आरोप येतो तो गावातल्या सगळ्यात निरपराध माणसावर, जिमवर. ट्वेननं ही गोष्ट पूर्ण केली नाही. ती छापून यायला १९६९ उजाडलं. तिचा अनुवाद या संग्रहात शेवटी, ती जिथं तुटते तिथंच थांबवून दिला आहे. अभ्यासकांनी सुचवलेला शेवट मुद्दाम जोडलेला नाही.